तोटी

वेंडेल पेल्कीच्या मृत्युपत्रात कामाची वाक्यं दोनच:
उत्पन्न अर्डेलला, ती आहे तोवर.
मुद्दल पहिल्या बायकोच्या मुलांना, नंतर.
मधल्या वर्षांचा विश्वस्त मी,
व्हरमाँटमधल्या एका छोट्या बँकेत, खिडकीपाशी.
चेक आला की त्याला विचारायचं,
तू फळ, की झाड?

मेपलचा रस उत्पन्न. हे सोपं.
मार्चमध्ये बादल्या भरतात, एप्रिलात पैसे येतात,
अर्डेल घर उबवायचं तेल भरून घेते.
कोठार जळालं, विमा आला: मुद्दल.
ती म्हणाली, "पण जळका वास माझ्याच पडद्यांना येतो."
वासाला रकाना नाही.

लाकडाचं अवघड.
कायदा म्हणतो, रान वर्षाला जेवढं वाढतं
तेवढं तोडलं तर ते हिचं;
त्यावरचा एक ओंडकासुद्धा त्यांचा.
म्हणून बूट चढवून बर्फात गेलो,
खोडांना फीत गुंडाळून घेर टिपले,
दारामागे पोराची उंची टिपावी तसे.

ऑक्टोबरच्या वादळात एकोणीस मेपल आडवे झाले.
मी मांडलं: बारा हिचे, सात त्यांचे.
डुलुथहून रोलंडचा फोन, "बारा कसे?"
अर्डेलने काहीच विचारलं नाही.
मुद्दलापेक्षा व्याज गोड म्हणणाऱ्याने
ही दोघं एकदा समोरासमोर बसवून पाहावीत.

मग वखारीचं पत्र:
करवतीचं पातं तुटलं, चारशे दहा डॉलर वजा.
सोबत खोक्यात कारण,
लाकडाच्या चकतीत रुतलेली लोखंडी तोटी,
बोटाएवढी.
रसासाठी कुणीतरी ठोकली, काढायची राहिली,
आणि झाड तिच्यावरून वाढत गेलं.
वर्तुळं मोजली. एकतीस.
दुसऱ्यांदा मोजली.
त्या मार्चमध्ये पहिली बायको जिवंत होती, वरच्या खोलीत,
आणि अर्डेल रोज सकाळी तिला इंजेक्शन द्यायला यायची.

चारशे दहा डॉलर मी दोन्हीकडे वाटले,
बारास सात. त्याला आधार आहे.
तोटी जमेत बसेना, खर्चातही नाही.
कुणाला कळवलं नाही.
टेबलाच्या खालच्या खणात आहे.

परवा वर्षाची वही मिटताना खण ओढला,
तर तिच्या तोंडाशी
बोटाला काहीतरी चिकट लागलं.
गंज असेल.
चाखून पाहिलं नाही.