मीठ संपल्याचा दिवा

वरच्या मजल्यावरून वाल्ट्राउटबाईंचा फोन:
"हार्टविग, तळाशी पाणी साचलंय,
पडद्यावर ई-चोवीस. मेली का रे ही?"
मेली नाही, म्हटलं, तुंबली असेल.
चाळीस वर्षं माइन नदीवर मालबोटींची इंजिनं उघडली मी,
एवढ्याशा डिशवॉशरला काय भ्यायचं.

तरी आधी प्लग काढला.
पाण्यात हात घालण्याआधी
अक्कल कोरडी ठेवावी.

खालचा ट्रे बाहेर. कपाने पाणी उपसलं,
उरलेलं स्पंजने टिपलं, करडं, कोमट,
त्याला रविवारच्या सूपचा वास.
गाळणी डावीकडे फिरवून वर उचलली:
जॅमच्या बाटलीचं लेबल, भिजून लगदा झालेलं,
लिंबाच्या दोन बिया,
आणि बुळबुळीत असं काहीतरी, ज्याचं नाव विचारू नये.
"मी तर सगळं धुऊनच आत ठेवते," बाई म्हणाल्या.
मग ही काय करते?
"पुन्हा धुते," म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

दारात गेरोल्ट उभा होता, हात पाठीमागे.
फेब्रुवारीत डॉक्टरांनी त्याचं मीठ तोडलं.
तेव्हापासून बटाटे अळणी, सूप अळणी,
पावावरचं लोणीसुद्धा बिनमिठाचं.

पंपाचं झाकण चमच्याच्या दांड्याने उचकटलं.
आत काचेचा तुकडा असू शकतो, म्हणून बोट सावकाश.
चक्र फिरेना.
बोटाला लागलं कठीण, लांबट,
दोन्ही टोकांना निमुळतं.
ऑलिव्हची बी.

या घरात ऑलिव्ह येत नाही.
एका बरणीत अख्खा समुद्र असतो, असं बाईंचं मत.
मी गेरोल्टकडे पाहिलं नाही.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही,
आणि ते न पाहणं इतकं ठळक झालं
की बाईंनी विचारलं, "सापडलं काही?"

गुरुवारी बाई चर्चच्या गायनाला जातात,
आठला निघतात, सव्वादहाला येतात.
गुरुवारी माझी बरणी जिना चढते.
आम्ही दोघं बाल्कनीत बसतो,
निळ्या वाटीत बिया टाकतो, मोजत नाही.
बिया कचऱ्यात, कचरा मी खाली नेतो,
आणि वाटी तो ठेवतो मशीनमध्ये, थाळ्यांच्या आड.
एक बी वाटीला चिकटून राहिली असणार.
पुरावा धुवायला दिला, तर यंत्र तोच गिळून बसलं.

"लिंबाची," मी म्हणालो, "तिसरी."
आणि खिशात टाकली.

चक्राला बोटाने एक गिरकी दिली. फिरलं.
वरच्या फवाऱ्याची भोकं टाचणीने मोकळी केली,
दाराच्या रबराच्या घडीतली काळी रेघ पुसली.
मग तो लाल दिवा: मीठ संपलं.
व्युर्त्सबुर्गचं पाणी चुनखडीतून येतं,
वर्षभरात ग्लासांना मोतीबिंदू होतो.
बाईंनी फळीवरून दीड किलोची पिशवी काढली,
मी नरसाळं धरलं, खडे खळखळत आत गेले.
"हिला मागितलं की मिळतं," गेरोल्ट म्हणाला.
कुणी उत्तर दिलं नाही.
सांडलेलं मीठ तसंच राहिलं तर पत्रा गंजतो,
म्हणून लगेच चालू केली, रिकामीच.
आधी नुसती गुरगुर. मग पाणी उतरल्याचा तो लांब घोट,
आणि बाईंनी टाळी वाजवली, एकच.

निघताना त्यांनी हातात डबा दिला, दर वेळेसारखा.
जिन्यात गेरोल्ट मागून आला, कुजबुजला,
"गुरुवारी?"
काकडी आणतो, मी म्हटलं.
तो कठड्याला धरून जरा वेळ उभा राहिला.
"सोललेली?" त्याने विचारलं.

खाली टेबलावर खिसा रिकामा केला.
बी त्याची की माझी, सांगता येत नाही,
दोघांचे दात सारखेच म्हातारे.
डबा उघडला. गाजराचं सूप.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी मिठाची डबी हातात घेऊन बसलोय,
सूप निवत चाललंय,
आणि वर मशीन अजून धुतेय, आत काहीच नसताना.