येनाची ढोली

तलावाच्या पारीवर एक येन आहे, अर्धा वाळलेला.
माघात सोनपाठी सुतारानं त्याला ठोकायला घेतलं.
मी खाली तुडुमाची खुंटी काढत होतो
आणि त्याचा भुसा माझ्या दुपट्ट्यावर पडत होता.

उन्हाळी धानाचं पाणी कोणाला कधी
ते माझ्या वहीत असतं.
मंगळवारी रात्री बिसेन,
पहाटे चार ते आठ कटरे,
मग वाघाये बाई. तिची बांधी शेवटची,
पाण्याआधी तिला गाळच पोचतो.
सही, नाहीतर अंगठा.

येनावर वही नाही.

ढोली पुरती कोरून झाली त्याच दिवशी
राव्यांची जोडी आली.
डोकावली. आत गेली. संपलं.
सुतार दोन दिवस बुंध्याभोवती फिरला,
मग वरच्या फांदीवर
पुन्हा पहिल्यापासून टक टक.

चैत्रात साळुंक्या.
त्यांचं भांडण आमच्या ग्रामसभेसारखं,
सगळ्या एकदम.
एका सकाळी खाली राव्याची दोन अंडी फुटलेली,
मुंग्यांची रांग बलकापर्यंत पोचलेली.

साळुंकीची पिल्लं चोच वासू लागली
तेव्हा घोरपड चढली.
तिला घर नको होतं.

मला राहवलं नाही.
झनकलाल कुंभाराकडून मडकं आणलं,
बाजूला भोक पाडलं, खालच्या फांदीला बांधलं.
साळुंकी काठावर बसली,
आत पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
गेली.

चौथ्या दिवशी गावात सुरू:
पारीवर हे कोनं टांगलं?
कटरे म्हणे, बिसेनाची करणी.
बिसेनाचं पोरगं म्हणे, वाघाये बाईची,
पाण्यासाठी.
मी वही पुढे करून सह्या घेत होतो.
बोललो नाही.
रात्री कोणीतरी काठीनं फोडलं.
खापऱ्यांखाली आता विंचू राहतो.

आश्विन लागला. ढोलीत सातेरीचं पोळं.
भणभण तुडुमापर्यंत ऐकू येते.
साळुंकी लांबून जाते,
घोरपड बुंध्यापाशी थांबते आणि वळते.
वाघाये बाई मात्र रोज येऊन उभी राहते,
पदर डोळ्यांवर धरून वर बघते.
मध कवा काढाचा? माहा हिस्सा किती?

पाहू ना मावशी, म्हटलं,
आणि वहीच्या शेवटच्या पानावर
तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं.

खाली माझं.