एकोणतीस नंबर

आमच्याच वळूने सिगर्डच्या तीन फासळ्या मोडल्या,
म्हणून यंदा लिलावाला मी.
वेस्ट्रेहून पहाटेची बोट, कर्कवॉलला उतरले
थर्मासात चहा, काखेत कॅटलॉग,
त्यात एकेका वळूच्या आज्यापणज्यापर्यंतचे आकडे.

फोनवर सिगर्ड : "सोळा नंबर बघ. चारशे दिवसांचं वजन बघ."
बघितलं.
पुठ्ठा असा की दोघांनी बसून पत्ते खेळावेत.
आणि खांदे दाराएवढे.
हेच खांदे मार्चातल्या एका रात्री
पहिलारू कालवडीच्या पोटातून
दोरी बांधून ओढावे लागतात.
ओढलेत मी एकदा. वासरू आलं, जीभ निळी.
कालवड सकाळी उठली नाही.
याचा रकाना कॅटलॉगात नसतो.

मग बापाने शिकवलेलं.
आधी खूर. मग चाल,
मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडतो का.
मग वळू सोडून त्याच्या आईची चौकशी :
वेतं किती, कास कशी, सड बोटाएवढे की बाटलीएवढे,
वासराला पिऊ देते की झाडते.
विकणारा फुबिस्टर हसला, "सोयरीक जमवताय का?"
म्हटलं, सोयरिकीला कोण एवढं बघतं?
माझ्या वेळी नव्हतं बघितलं.

शेवटी एकेका कठड्याला पाठ लावून उभी राहिले.
सोळाने लोखंडाला धडक दिली, पाठीत कळ गेली.
एकोणतीसने माझ्या टोपीची नाडी हुंगली,
जरा चघळली, आणि गवताकडे वळला.

बोली गिन्यांत. सोळासाठी माणसं कान खाजवत, भुवया उडवत राहिली.
माझ्यासाठी कुणी फारसं भांडलं नाही.

परतताना बोट कलत होती, तो ट्रेलरमध्ये रवंथ करत होता,
समुद्राशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.
मी बोटांवर मोजलं :
जूनमध्ये कळपात सोडायचा, मार्चात वासरं,
त्यातल्या कालवडी आणखी दोन वर्षांनी विणार.
तेव्हा मी एकाहत्तर, सिगर्ड त्र्याहत्तर.
रात्री दोनला बूट कोण चढवणार?
खांदे अरुंद हवेत,
म्हणजे कुणी उठलं नाही तरी चालेल.

धक्क्यावर सिगर्ड, बरगड्यांवर हात धरून.
फळीच्या फटीतून त्याने बराच वेळ पाहिलं.
"बारीक आहे, थोरा."
हो, म्हटलं. बारीक आहे.