चार बोटं

एफिंगहॅम, इलिनॉय. पहाटेचे चार वाजून दहा.
एकोणीस नंबरच्या डॉकवरून निघताना
ट्रेलरनं मागे कुठेतरी
चमचा पडल्याएवढा आवाज केला.
रेडिओ चालू असता तर ऐकूही आला नसता.
तो मीच बंद केला होता, नीट ऐकू यावं म्हणून.

उतरले. बॅटरी घेऊन मागे गेले.
उजवा कोपरा दुमडलेला,
पासबुकाचं पान दुमडतं तसा.
केशरी दिव्याचं झाकण फुटलेलं, तुकडा खाली बर्फात,
आणि शेजारी पिवळा खांब,
काही न घडल्यासारखा.

आज माझा तेविसावा दिवस.
नव्वद होईपर्यंत मी कच्ची.

ट्रेलर ताब्यात घेताना फेरी मारली होती मी, शपथेवर सांगते.
पण वारा बोचत होता, आणि या कोपऱ्यापाशी
झोत मी जरा लवकर पुढे नेला.
म्हणजे आता सांगायच्या गोष्टी दोन आहेत,
एक नाही.

दुमडीत बोट घालून बघितलं.
गंज सापडावा
असं आयुष्यात पहिल्यांदाच देवाकडे मागितलं.
गंज होता.
वरच्या बाजूला, तपकिरी, जुना, कुणाचा तरी.
खाली मात्र पत्रा कोरा, नुकता सोललेला,
लखलखत होता.

ओटिसनं मला पाच आठवडे शिकवलं. तो म्हणायचा,
गेटच्या आत सांगितलंस तर बातमी,
गेटच्या बाहेर सांगितलंस तर कबुली.
आणि परवा डिझेल भरताना बलकार सिंग हसत म्हणाला होता,
ट्रेलर म्हणजे धर्मशाळा. कोण आलं, कोण गेलं,
भिंतीवरचे ओरखडे कोण मोजत बसतं?
दोघांच्याही गाडीला तीस-तीस वर्षांत खरचटलेलं नाही,
असं दोघंही सांगतात.

इस्लामपूरच्या सहकारी बँकेत मी अकरा वर्षं कॅशवर होते.
तूट आली, नऊ रुपये, चौदा रुपये,
की पर्समधून घालायचे, पेटी जुळवायची, घरी जायचं.
साहेबांना कधी कळलं नाही.
निरोपाच्या भाषणात म्हणाले, बाईंची पेटी कायम चोख.
मी मान खाली घालून पेढा खाल्ला.
इथे पर्स उघडून काय घालू?
या मापाचा पत्रा माझ्याकडे नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझ्या मुठीत अकरा डॉलरच्या दिव्याचा
चतकोर तुकडा आहे,
आणि तो हातमोज्यातूनही टोचतोय.

समोर गेट. बूथमधली बाई कॉफी ढवळतेय.
ती सीलचा नंबर बघेल, कोपरा नाही.
पुढे दोन मिनिटांवर हायवे.
इंडियानापोलिसला उजेडात सांगता येईल.
उजेडात फोटोही चांगले येतात.
आणि आत्ता डार्लीनला, बिचारीला, रात्रपाळीच्या शेवटी
कशाला त्रास?
किती शहाणी कारणं सुचतात माणसाला
चार वाजता, थंडीत.

फोटो काढले. चार कोपऱ्याचे, पाचवा खांबाचा.
त्याच्या अंगाला माझ्या ट्रेलरचा पांढरा रंग लागला होता.
डार्लीनला लिहिलं, दोनदा खोडून:
उजवा मागचा कोपरा. काही जुनं, काही माझं.
घेताना तिथे मी नीट बघितलं नव्हतं.

तीन मिनिटं काहीच नाही.
इंजिन घुरघुरत राहिलं.
बूथमधली बाई आता ढवळायची थांबून माझ्याकडे बघत होती.

मग फोन उजळला.
ओरडा नाही, शाबासकी नाही.
'काही' म्हणजे किती?

मोजपट्टी नव्हती.
हातमोजा काढला,
गार पत्र्यावर हात पसरला, ब्लाउजपीस मोजतात तसा,
आणि गंजाच्या टोकापासून खाली येत गेले.
जुनं, एक वीत.
माझं, चार बोटं.