काटा निवेपर्यंत

लिमरिकच्या औद्योगिक वसाहतीत, खिडकी नसलेल्या खोलीत
गॉबनेट प्रोबची लांब काळी शेपटी काढून टाकते
आणि तिथे पेनातल्या स्प्रिंगएवढी तार बसवते.
"अर्थिंगची वाट आखूड हवी.
नाहीतर दिसेल ती थरथर तुझ्या तारेचीच."

दोन प्रोब. केबली एकाच मापाच्या, तिनं कालच मोजून कापलेल्या.
अॅम्प्लिफायरची दोन टोकं:
एक उडी मारतं तेव्हा दुसरं तेवढंच खाली जातं.
दोघांत जे सामाईक, त्याच्याशी आज कर्तव्य नाही.
फरक तेवढा बघायचा.

चढ सोपा.
दहा टक्क्यांपासून नव्वदपर्यंत सरळ रेघ,
मायक्रोसेकंदाला किती व्होल्ट, भागाकार केला की झालं.
फियाखरा आकडा वहीत लिहितो, खाली दोन रेघा ओढतो.
त्याला चढच आवडतो. पंचविशीत कुणाला नाही आवडत?

मग माथा.
जवळून बघावं तर ऑसिलोस्कोपच भांबावतो,
एवढी उडी गिळून स्वतःच धापा टाकतो
आणि त्याची धाप गरीब अॅम्प्लिफायरच्या खात्यावर चढते.
म्हणून दोन शॉटकी डायोड, उलटसुलट,
उडी छाटायला,
शेवटचे काही मिलिव्होल्ट तेवढे पुढे सोडायला.

"अठरा नॅनोसेकंद!"
विक्रीवाल्यांना अठराच हवेत, पत्रक छपाईला निघालंय.
रेघ पट्ट्यात शिरलीय खरी.
गॉबनेटचं बोट पडद्यावरून हलत नाही.
रेघ पट्टा ओलांडून वर जाते, परत येते,
खालून निसटते,
परत येते.
राहते.
"एकतीस."

तिचा बाप किलरशच्या बाजारात लोकर तोलायचा.
दोन पारडी, मधे हाताएवढा काटा.
व्यापारी काटा हलता असतानाच आकडा ओरडायचे,
नेमका आपल्या बाजूला झुकला की.
बाप कोटाच्या खिशात हात घालून उभा.
"निवू दे त्याला."
खरं वजन काट्याला पहिल्याच झोक्यात भेटतं, तो म्हणायचा,
पण वाटेत भेटला म्हणजे घरी आला असं होत नाही.
आपण याला मापात पाप म्हणतो.
ती लोकरवाली माणसं काय म्हणत, मी विचारलं नाही.

फोन वाजतो. विक्री विभाग.
फियाखरा अठरावर काट मारतो;
खालच्या दोन रेघा तशाच राहतात, रिकाम्या जागेला आधार दिल्यासारख्या.
आता चिप तापलीय,
रेघ अजून केसभर उतरतेय, अगदी सावकाश,
कुणाच्याही पत्रकात न मावणारी.

एकतीसखाली गॉबनेटनं सही केलेली नाही.
"प्रोबची अदलाबदल कर," ती म्हणते.
"डावा उजवीकडे.
बघू तरी, आपणच हलत नव्हतो ना."