वीस शिलिंग, नाव नको

पूर्वी हरांबे म्हटलं की भोंगा असायचा.
आंब्याखाली भाड्याच्या खुर्च्या,
पहिल्या रांगेत किसुमूहून आलेली जाडजूड माणसं,
आणि ओपोंडो मास्तर यादी वाचायचा :
अमुक, पाच हजार. टाळ्या.
तमुक, दोन हजार. टाळ्या.
आकडे उतरत जायचे तशा टाळ्याही उतरायच्या,
दोनशेवर येईपर्यंत
सगळ्यांचं लक्ष चहाच्या पातेल्याकडे.

शंभराच्या खालचे लोक येतच नसत.
त्यांची बकरी नेमकी त्याच दिवशी हरवायची.

या मार्चमध्ये बोटीचं इंजिन गेलं.
न्यार नाम, सरोवराची लेक,
अडलेल्या बायकांना बेटावरून दवाखान्यात नेणारी
आमची एकुलती बोट,
वाळूत पालथी पडली.
अपोंदीला वल्ह्यांनी नेलं. चार तास.
पोर निम्म्या पाण्यात झाली.
जगली.
पण असं दर वेळी होत नाही, हे बेटावर कुणाला सांगावं लागत नाही.

मी ग्रुप काढला. बोटीचा फोटो लावला, माझा नंबर दिला.
शेवटी लिहिलं, कितीही चालेल.
‘कितीही’ हा शब्द तीनदा खोडला.
मागून कुणी भोंग्यात वाचेल असं वाटत राहिलं.

मग वाळत घातलेल्या ओमेनावर
माश्या घोंघावतात तसा
उशाशी फोन घोंघावायला लागला.
नैरोबी, पाचशे. मोम्बासाची गोदी, तीनशे.
दोहाहून कुणाची तरी आत्या; आकडा मी नवऱ्यालाही दाखवला.
आणि मग, पहाटेपर्यंत, खालचे :
पन्नास. तीस. पन्नास. चाळीस.
वेण्या घालणारी अकेयो, तीस,
सोबत एक नाचणारी लाल झग्यातली बाई.
मोटारसायकलवाला ओगोला, पन्नास,
‘गिऱ्हाईक मिळालं तर अजून.’
जो तो यादी उचलतो, तळाशी आपलं नाव चिकटवतो,
परत सोडतो.
वर जाता जाता अंगठा दुखतो.

आणि रोज संध्याकाळी साडेसहाला वीस शिलिंग.
रोज.
खाली दोन शब्द : नाव नको.

नाव कुठे लपतं? कंपनीच्या मेसेजात पहिल्या ओळीत असतं.
ओकुम्बे. जाळी विणणारा.
त्याला मी कवडीचुंबक म्हणायचे, तोंडावर.
सासऱ्यांच्या वर्गणीला आला नव्हता,
शाळेच्या पत्र्यांना आला नव्हता.
आज कळतं, वीस शिलिंग मुठीत धरून
कुणाच्या अंगणात उभं राहता येत नाही.
फूल नाही तर पाकळी, म्हणायला सोपं;
पाकळी घेऊन चालत जायचं म्हणजे
सगळं गाव ओलांडायचं.
अंगठ्याला गाव लागत नाही.
शंभराच्या आत कुणी कापूनही घेत नाही काही.

वीसच का, ते मी विचारलं नाही.
एकदा नवऱ्याचं जाळं घेऊन गेले तेव्हा दिसलं.
फळीवर खडूनं लिहिलेलं :
एक भोक, वीस शिलिंग.
त्यानं मान वर केली नाही. मीही यादीचं काही काढलं नाही.
सुई आत, बाहेर, आत.
दोन भोकं होती. चाळीस दिले, रोख.
त्या संध्याकाळी साडेसहाला
त्यातले वीस माझ्याकडे परत आले.

यादीत एकशे सातव्या नावापुढे मी नुसती रेघ ओढली.
मास्तरनं विचारलं, हे कोण?
म्हटलं, भोंगा गंजलाय मास्तर, राहू दे.

जूनमध्ये इंजिन आलं, पंधरा हॉर्सपॉवरचं, जुनंच पण धडधाकट.
पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा
किनाऱ्यावरच्या बायका इतक्या ओरडल्या की
बगळे उडाले ते संध्याकाळपर्यंत बसले नाहीत.
ओकुम्बे नव्हता.

मी ग्रुपवर लिहिलं : पुरले. सगळ्यांचे आभार. आता पाठवू नका.

साडेसहाला फोन थरथरला.
वीस शिलिंग.
खाली या वेळी एकच शब्द :
पेट्रोल.