काचांसमोर

एकेहार्टला पोस्टातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली
आणि अचानक त्याला दुकानांच्या काचा आवडू लागल्या.
बेकरीपासून नव्वद पावलं, की हा थांबे
घड्याळवाल्यापाशी.
मग पुन्हा, त्या दुकानापाशी
जिथे तान्ह्या बाळांचे लोकरी मोजे टांगलेले असतात.
बघत राही. हात खिशात.

मी काही बोलले नाही.
एकोणऐंशीच्या फेब्रुवारीबद्दल
आम्ही दोघं कधीच काही बोललो नव्हतो.
वाटलं, आता म्हातारपणी
याच्या आत काहीतरी सैल होतंय.

खरं तर तुंबत होतं.
मांडीतली धमनी, चुन्यानं लिंपल्यासारखी.
डॉक्टर क्रुपकेबाईंनी पडद्यावर दाखवली:
काळी नदी येते, येते, आणि मध्येच नाही.
आमच्या जर्मनमध्ये या दुखण्याचं नावच आहे
काचा बघण्याचा आजार.
पोटरी पेटली की माणूस लाजेनं
कुठल्याशा दुकानासमोर उभा राहतो
आणि टोप्यांच्या किमती वाचतो.

मोज्यांचं दुकान फक्त
पुढच्या नव्वद पावलांवर होतं.

औषध काय, तर चालणं.
दुखेपर्यंत चाला. दुखलं की थांबा. राहिलं की चाला.
"बंद वाट काही उघडणार नाही," बाई म्हणाल्या,
"पण बाजूला केसाएवढ्या वाहिन्या असतात, जन्मापासून,
कुणी न विचारलेल्या.
रक्त तिथे धडका देत राहिलं
तर रुंदावतात. कधीकधी."
एकेहार्ट हसला. चौतीस वर्षं पत्रं वाटली,
मला बोळ शिकवता?

मग नोव्हेंबरभर, पुढे बर्फातही,
नायसेच्या काठानं, पुलावरून पोलंडात आणि परत.
मी मोजायचे. एकशे दहा. एकशे साठ.
तो शिव्या द्यायचा, पोटरीला, मग मला,
आणि पुन्हा चालू लागायचा.

मार्चमध्ये तीनशे चाळीस.
घड्याळवाला मागे पडला. मोज्यांचं दुकानही.
तो कसल्याशा बटाट्यांबद्दल बोलत पुढे गेला
आणि मी तिथेच उभी.
पिवळे. अंगठ्याएवढे.
मला दुखत नव्हतं, पोटरीत तरी.

वीसेक पावलांवर त्याला कळलं.
वळला. परत आला,
थांबायची गरज नसताना थांबला.
काचेत आम्ही दोघं, आमच्यामागून जाणारी ट्राम.
"मी पाहिलं होतं तिला," बऱ्याच वेळानं म्हणाला.
"पाय तुझ्यासारखे होते."

घरी आलो.
बटाटे राहिलेच.